बसा, बोलावतो

१

कुत्र्याला भूल देताना डॉ. क्रांती गजभिये त्याच्याशी मराठीत बोलायची. कुत्रा पंजाब्यांचा असो, बंगाल्यांचा असो, नाहीतर समोरच्या सोसायटीतल्या मल्याळी बँक मॅनेजरचा, पुढच्या पायाची शीर सापडली की हिचं सुरू, "आता झोप हं बाळा, काही नाही होत, मी आहे ना." दिवसभर भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांशी हिंदी बोलून बोलून जीभ आखडायची तिची. मराठी ऐकायला हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे बेशुद्ध होत चाललेलं कुत्रं. ते उलटून "मतलब?" असं विचारत नाही.

दवाखाना गाझियाबादला, एका मार्केटच्या तळमजल्यावर. डावीकडे इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लास, उजवीकडे मोमोवाला. राहायला मात्र ती दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये, कारण नवरा समाधान केंद्राच्या एका खात्यात नोकरीला. रोज गाडी काढायची, यमुना ओलांडायची आणि संध्याकाळी तीच यमुना परत ओलांडायची. नागपूरहून दिल्लीला जाऊन दवाखाना दिल्लीबाहेर का टाकलास, असं माहेरचे दर दिवाळीला विचारत. दिल्लीतली भाडी माहेरच्यांना सांगून पटत नाहीत, म्हणून ती करंज्या खात बसे.

आता भुलीचं सांगायला हवं. गॅसवर भूल द्यायचं मशीन तिच्याकडे नव्हतं, सगळा कारभार शिरेतून. त्यासाठी औषधं दोन. एक प्रोपोफॉल, दुधासारखं पांढरं. त्याने कुत्रं छान झोपतं, पण रक्तदाब घसरतो आणि कधीकधी श्वास घ्यायचंच विसरतं. दुसरं केटामिन, दिसायला साधं पाणी. त्यात हृदय ठणठणीत चालतं, पण अंग ताठ होतं आणि डोळे सताड उघडे राहतात. एकेकटी दोन्ही औषधं तापदायक. एकाच सिरिंजमध्ये थोडं हे, थोडं ते घेतलं की एकमेकांचे दोष झाकतात, आणि दोन्ही कमी लागतात.

"अरेंज मॅरेज," असं ती विष्णूला समजवायची. विष्णू तिचा असिस्टंट. पंचेचाळिशीचा, एकेकाळी आखाड्यात घुमलेला, मांडीएवढे दंड आणि लग्न न केलेला.

"तभी तो मैं दूर रहा, डॉक्टर साब," विष्णू म्हणायचा.

२

सुरुवात झाली ती ब्रूनोपासून. ब्रूनो म्हणजे भाटियांचा लॅब्रॅडॉर, खाऊन खाऊन बैठकीतल्या सोफ्याएवढा झालेला. साधं नसबंदीचं ऑपरेशन. क्रांतीने मिश्रण हळूहळू शिरेत सोडलं, ब्रूनोची मान लुळी पडली, जीभ बाहेर आली. तिने बोटांच्या बेचक्यात चिमटा काढून पाहिला, पापणीच्या कोपऱ्याला हात लावून पाहिला, जबडा हलवून पाहिला. कुठेच दाद नाही. कुत्रा गाढ गेला होता.

आणि त्याची शेपूट हलत होती.

भुलीत एखादा स्नायू फडफडतो, त्यात काही विशेष नाही. हे तसं नव्हतं. घरचं माणूस दारात दिसल्यावर कुत्रं कमरेपासून हलतं ना, तसं हे हलणं होतं. डोळे केटामिनने उघडेच होते. ते आधी दाराकडे लागलेले, मग हळूहळू भिंतीच्या कडेने सरकत खिडकीखालच्या स्टीलच्या स्टुलावर येऊन थांबले. त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता, बसलं की टक् असा वाजायचा, म्हणून कुणी बसत नसे. लोक त्यावर पर्स ठेवत.

"विष्णू, दरवाज़ा लगाओ," क्रांती म्हणाली.

"लगा हुआ है," विष्णू म्हणाला, आणि मग दोघंही थोडा वेळ त्या लावलेल्या दाराकडे बघत राहिले.

ऑपरेशन उत्तम झालं. फक्त ब्रूनोने शुद्धीवर यायला वेळ लावला, आणि आल्यावर घरी जाईना. स्टुलासमोर बसकण मारून, मान वर करून, कुणीतरी बिस्कीट देणार आहे अशा चेहऱ्याने बघत राहिला. भाटियाबाईंनी पट्टा ओढला, भाटियांनी भाटियाबाईंना ओढलं, शेवटी विष्णूने त्याला उचलून गाडीत टाकला.

"आपने इसको खिलाया क्या है?" भाटियाबाईंनी जाताना विचारलं. त्यांच्याकडे नऊ वर्षं जेवूनसुद्धा तो असा कधी बघत नव्हता, याचा त्यांना राग आला होता.

पुढे एक पग आला, मग एक दात काढायचं पॉमेरेनियन. तेच दार, तीच भिंतीची कड, तेच स्टूल. आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा उशिरा जागा झाला. नाडी चांगली, श्वास चांगला, पण परत यायची घाई म्हणून नाही. खेळायला गेलेली पोरं हाका मारूनही येत नाहीत, तसं.

३

घरी जेवताना तिने हे सांगितलं. समाधानने वरणात लिंबू पिळत ऐकून घेतलं. "यार, तुझं कॉम्बिनेशन कुठेतरी चुकतंय," तो म्हणाला. तो आकडेवारीच्या खात्यात होता, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल हेच म्हणायचा.

सासरे मात्र घास थांबवून बघत होते. रावसाहेब गजभिये, निवृत्त सेक्शन ऑफिसर. खात्यात ते एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होते. त्यांच्याकडे आलेला माणूस कधीही लगेच आत गेला नाही. "बैठिए, बुलाते हैं," असं म्हणून बाहेरच्या बाकाकडे बोट करायचं, आणि पुढे मान खाली. त्यात दुष्टपणा नव्हता. लगेच भेटलं की कामाची किंमत राहत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. निवृत्तीनंतर त्यांना भेटायला येणारं माणूस म्हणजे कुरियरवाला. त्यालाही ते बैठकीतल्या दुसऱ्या वेताच्या खुर्चीवर बसवत, आत जाऊन पलंगावर उगाच बसून राहत, आणि मग बाहेर येऊन सही करत. नातेवाइकांना तेच मराठीतून, "बसा, बोलावतो."

हा झाला त्यांचा एक आवाज. दुसरा आवाज क्रांतीने एकदाच ऐकला होता. जुन्या सेक्रेटरीसाहेबांचा नववर्षाचा फोन आला तेव्हा रावसाहेब तापाने पलंगावर पडले होते. ते उठून उभे राहिले, पायजम्यावरच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलं, आणि मध लावल्यासारख्या मऊ आवाजात म्हणाले, "जी सर." समाधान त्याची नक्कल करून दाखवायचा आणि क्रांती हसून हसून बेजार व्हायची, पण सासऱ्यांच्या मागे.

कमलाबाई, म्हणजे क्रांतीची सासू, गेली त्या हिवाळ्यात कॉलनीतली एक तांबूस देशी कुत्री रावसाहेबांच्या मागोमाग जिना चढून वर आली आणि राहिली. तिचं नाव त्यांनी मॅडम ठेवलं. उभ्या नोकरीत कुणाला तरी मॅडम म्हणायची सवय झाली होती, ती एकदम सुटेना. "मॅडम जेवल्या?" "मॅडमना बाहेर जायचंय." सकाळी वर्तमानपत्रातल्या बढत्या-बदल्यांच्या बातम्या ते तिला वाचून दाखवत. कमलाबाईंना दाखवायचे तशाच.

"त्याने अपॉइंटमेंट घेतली होती का?" रावसाहेबांनी आता विचारलं.

"कुणी, बाबा?"

"तुझ्याकडे जो येतो, त्याने."

समाधानला ठसका लागला. क्रांती हसली खरी, पण दवाखान्यात कुणी येतं, असं ती बोललीच नव्हती. तिने फक्त शेपटीचं सांगितलं होतं.

४

क्रांती विज्ञान शिकलेली बाई. तिने प्रयोग केले. नुसतं प्रोपोफॉल दिलं, काही नाही. नुसतं केटामिन दिलं, काही नाही. दोन्ही दिली, पण वेगवेगळ्या सिरिंजमधून, एकामागून एक. तरी काही नाही, कुत्रं बापडं निमूट झोपलं. एकाच सिरिंजमध्ये मिसळून दिली की शेपूट. म्हणजे हे दोघं एकत्र आले की तिसरा येतो. संसारात असं होतंच म्हणा, पण त्याला नऊ महिने तरी लागतात.

गाळा मिळवून देणाऱ्या दलालाला तिने आडून आडून विचारलं, इथे पूर्वी कुणी मेलं-बिलं होतं का? "मॅडम," दलाल दुःखाने म्हणाला, "यहाँ कोई टिका ही नहीं, मरता कब?"

मग तिला समाधानने आणलेला कॅमेरा आठवला. गाडीचा बंपर सोलवटला तेव्हा त्याने करोल बागेतून गाडीच्या काचेला चिकटवायचा कॅमेरा आणला होता, बोलणारा. समोर गाडी, माणूस काही आलं की पडद्यावर त्याच्याभोवती पिवळी चौकट काढायचा आणि एका गोड बाईच्या आवाजात सावध करायचा. क्रांतीने तो औषधांच्या कपाटाच्या काचेला चिकटवला, कुत्र्याच्या डोळ्यांचं रेकॉर्डिंग करायला.

"आपका सफर शुभ हो. कृपया सीट बेल्ट लगा लें," कॅमेरा म्हणाला. टेबलावर चीकू नावाचा ल्हासा ॲप्सो होता. पट्टा त्याला आधीच बांधलेला होता.

विष्णू टेबलासमोरून गेला तसा कॅमेरा म्हणाला, "आगे पैदल यात्री है." विष्णू खूश झाला. दोन-तीनदा मुद्दाम येऊन-जाऊन त्याने खात्री केली. मग क्रांतीने मिश्रण सोडलं, चीकूची मान कलली, आणि विष्णू तिच्या मागे सलाईनची बाटली धरून स्थिर उभा राहिला.

"आगे पैदल यात्री है," कॅमेरा म्हणाला.

कुणी हललं नाही. चीकूची शेपूट चादरीखाली फटफट वाजायला लागली.

"पैदल यात्री नज़दीक है. कृपया रफ़्तार कम करें."

विष्णूने बाटली खुंटीला अडकवली, हात जोडले आणि मोमोवाल्याकडे निघून गेला. टाके क्रांतीने एकटीने घातले. चीकूला शुद्धीवर यायला इतका उशीर झाला की तिने त्याच्या कानात मराठी, हिंदी, आणि क्लासमधून ऐकू येत होतं म्हणून थोडं इंग्रजीसुद्धा बोलून पाहिलं.

संध्याकाळी तिने रेकॉर्डिंग लावलं. टेबल, चीकू, तिचे स्वतःचे हात. बाकी खोली रिकामी. फक्त पिवळी चौकट, माणसाएवढ्या उंचीची, दारातून आत आली, भिंतीच्या कडेने चालत स्टुलापर्यंत गेली, तिथे आखूड झाली. थोड्या वेळाने परत उंच झाली आणि टेबलाशी, चीकूच्या डोक्याकडे आली. मग ती चौकट वाकली.

स्टीलच्या ट्रेवरचं प्रतिबिंब असणार, असं क्रांतीने ठरवलं. करोल बागेचा माल, तो किती दिवस धड चालणार. आणि पुन्हा म्हणून एकाच सिरिंजमध्ये काही मिसळायचं नाही, हेही ठरवलं. कॅमेरा तिथेच चिकटलेला राहिला, कारण विष्णू त्याला हात लावेना, आणि खरं सांगायचं तर तीही लावेना.

५

मग मॅडम आजारी पडली. आधी खूप पाणी पिऊ लागली, मग जेवण सोडलं, आणि रविवारी सकाळी उठेचना. क्रांतीने पोटाला हात लावला आणि तिला कळलं. गर्भाशयात पू झाला होता. आजच काढायला हवं, उद्यावर टाकलं तर कुत्री हातची जाणार. गॅसचं मशीन असलेल्या दोन मोठ्या दवाखान्यांना तिने फोन केले. एकाचे सर्जन लग्नाला गेले होते, दुसरीकडे मंगळवार सांगत होते.

"दुसरीकडे न्यायचंच नाही मॅडमना," रावसाहेब म्हणाले. "तू आहेस ना."

मॅडमचं वय झालेलं, त्यात हृदय नाजूक. गाडीत मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन सासरे बसले होते आणि आरशात क्रांतीला त्यांचा हात दिसत होता, तिच्या कानामागे सारखा फिरणारा. कमलाबाई गेल्यावर हा माणूस महिनाभर कुणाशी शब्द बोलला नव्हता. बोलला तो या कुत्रीशी. ही गेली तर तेही राहणार नाहीत, हे घरात तिघांनाही माहीत होतं. बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. आयुष्यात इतक्या कुत्र्यांना तिने भूल दिली, पण सासऱ्यांच्या जिवाला कधी दिली नव्हती.

दवाखान्यात तिने त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. "मी बाहेर बसत नसतो," रावसाहेब म्हणाले. मोमोवाल्याची एक प्लास्टिकची खुर्ची आणून ते टेबलाच्या टोकाला, मॅडमच्या डोक्याशी बसले.

६

आधी तिने नुसतं प्रोपोफॉल दिलं. मॅडम झोपली, आणि श्वास थांबला. विष्णूने नळीला फुगा जोडून हवा दाबली, दाबली, दाबली, आणि मॅडमने एक उसासा टाकून श्वास परत सुरू केला. रक्तदाब मात्र खालीच. क्रांतीने पोट उघडलं. गर्भाशय मनगटाएवढं सुजलेलं. अर्ध्यात मॅडमचा पाय हलला. भूल उतरत होती. आणखी प्रोपोफॉल दिलं तर हृदय बसणार. नुसतं केटामिन दिलं तर पोट उघडं असताना अंग ताठ होऊन झटके येणार. दोन्ही थोडी थोडी, मिसळून, एवढाच रस्ता उरला होता. हे तिला कॉलेजात शिकवलं होतं, आणि ते बरोबर होतं.

"विष्णू, दोनों एक ही सिरिंज में लो."

"डॉक्टर साब," विष्णू म्हणाला.

"लो, कहा ना."

औषध गेलं. मॅडमचा पाय सैल पडला, रक्तदाब सावरला. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. डोळे उघडे होते. ते दाराकडे लागले, आणि चादरीखाली शेपूट वाजायला लागली.

"आगे पैदल यात्री है," कपाटावरून कॅमेरा म्हणाला.

क्रांतीचे दोन्ही हात मॅडमच्या पोटात होते. शीर चिमट्यात धरलेली, सोडता येत नव्हती. तिने वर बघायचं नाही असं ठरवलं. मॅडमचे डोळे भिंतीच्या कडेने चालले होते. या वेळी ते स्टुलाशी थांबले नाहीत. सरळ टेबलाकडे आले.

"पैदल यात्री नज़दीक है. रफ़्तार कम करें."

मॅडमच्या जिभेला चिमटा लावून नाडी मोजणारं मशीन टिक टिक करत होतं. त्याची रफ़्तार कमी झाली. टिक. टिक. मग दोन टिकांमध्ये बराच वेळ. विष्णूने इंजेक्शन भरलं. क्रांती फक्त म्हणत होती, "मॅडम, इकडे. इकडे बघा मॅडम," आणि मॅडम इकडे बघत नव्हती. शेपूट मात्र मजेत हलत होती.

रावसाहेबांनी मान वर केली. आपल्या समोर, टेबलापलीकडे, जिथे कुणीच नव्हतं तिथे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग त्यांनी मान खाली घातली. हात मॅडमच्या कानामागे होता तिथेच होता.

"अपॉइंटमेंट है?" त्यांनी विचारलं. पहिला आवाज. फायलीतून डोकं न काढणारा.

मशीन गप्प झालं होतं.

"बैठिए," रावसाहेब म्हणाले आणि दुसऱ्या हाताने, न बघता, स्टुलाकडे बोट केलं. "बुलाते हैं."

मग खिडकीखालून आवाज आला. टक्.

मशीन परत वाजायला लागलं. टिक, टिक, टिक. शेपूट थांबली. कॅमेराही बोलायचा थांबला. क्रांतीने गर्भाशय काढून ट्रेत टाकलं, टाके घातले, आणि एकदाही खिडकीकडे बघितलं नाही. विष्णू टेबलाखाली काहीतरी शोधत होता, बहुधा धीर.

त्या महिन्यातल्या सगळ्या कुत्र्यांमध्ये मॅडम सर्वांत लवकर शुद्धीवर आली. डोळे उघडून तिने रावसाहेबांचा अंगठा चाटला. रावसाहेब रडले. चष्मा काढून, नाक शिंकरून, आवाज करून रडले, आणि क्रांतीही रडली, हातमोज्यांनी डोळे पुसता येत नाहीत म्हणून खांद्याला पुसत.

निघताना विष्णूने मॅडमला उचललं. रावसाहेब दारात थांबले आणि वळून स्टुलाला म्हणाले, "चलिए, घर पे बैठते हैं. यहाँ इनको काम रहता है."

"बाबा, कुणाला म्हणालात?"

"अगं, माणसाला बसायला सांगून आपण निघून जायचं का? काही रीत असते की नाही," रावसाहेब म्हणाले, आणि पुढच्या सीटवर न बसता मागे बसले. मॅडमला मांडीवर घेऊन, एका कडेला सरकून.

७

दवाखाना सुधारला. मिश्रण द्या, वेगवेगळं द्या, कुत्री कुत्र्यांसारखी झोपू लागली आणि वेळेवर उठून चावू लागली. कॅमेरा परत गाडीत गेला. विष्णूने आखूड पायाखाली पुठ्ठा घातला आणि स्टुलावर बसून मोमो खाऊ लागला.

घरीही सगळं छान चाललं होतं, हेच क्रांतीला खुपत होतं. रावसाहेब सकाळी दाढी करू लागले. इस्त्रीचा शर्ट घालून बैठकीत बसू लागले. दोन पोळ्यांच्या तीन झाल्या. समोरच्या दुसऱ्या वेताच्या खुर्चीवर मात्र कुणी बसायचं नाही. समाधान एकदा बसायला गेला तर म्हणाले, "तिथे नको." समाधान आकडेवारीचा माणूस, तो बाजूच्या बुटक्या वेताच्या मोढ्यावर बसला. मॅडम भुलीत नसतानाही त्या खुर्चीकडे बघायची आणि शेपूट हलवायची. अधूनमधून रावसाहेब वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, "अभी टाइम लगेगा."

"बाबा, किती दिवस असं बसवून ठेवणार?" एकदा क्रांतीने हिंमत करून विचारलं. कुणाला, हे ती बोलली नाही.

"बसवून ठेवायला काय जातं? माझ्या बाकावर लोकांचे केस पांढरे झालेत."

"पण त्याचं काम काय आहे?"

"ते विचारलं की बोलावल्यासारखं होतं," रावसाहेब म्हणाले. मग थोडं पुढे झुकून हळू आवाजात, "पण एक सांगतो. बसतो फार छान. पाय हलवत नाही, घड्याळ बघत नाही, खाकरत नाही. असं बसणारा माणूस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. रिटायर झाल्यापासून माझ्याकडे कोण येतंय? हा येऊन बसलाय. बरं वाटतं गं."

क्रांतीला भीती वाटली. त्याहून जास्त त्यांची दया आली, आणि मायाही आली. ती चहा ठेवायला उठली. कप किती ठेवायचे याचा तिला प्रश्न पडला.

एक दिवस दुपारी जेवून ती दवाखान्यात जायला निघाली. जिना उतरल्यावर लक्षात आलं, गाडीची किल्ली वरच राहिली. परत वर आली. लाकडी दार उघडं होतं, पुढचं जाळीचं आतून लावलेलं. बेलवर बोट ठेवणार तोच आतून रावसाहेबांचा आवाज आला. पहिला आवाज, पण जरा प्रेमळ.

"हाँ, आइए. बहुत दिन बैठाया आपको. बताइए, क्या काम था?"

वेताची खुर्ची करकरली. कुणीतरी उठल्यासारखी. जाळीतून तिला रावसाहेब दिसत होते आणि मॅडम दिसत होती. मॅडमची शेपूट फरशीवर फटफट वाजत होती.

मग रावसाहेबांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं. त्यांनी खुर्ची मागे सारली आणि ते उठून उभे राहिले. ताठ. त्यांचा हात गळ्याशी गेला आणि चाचपडत शर्टाचं वरचं बटण लावू लागला.

"सर, आप?" ते म्हणाले. दुसरा आवाज. "पहले बताना था ना, सर. मैंने पहचाना ही नहीं. आपको बिठाए रखा."

क्रांतीचं बोट बेलजवळ तसंच राहिलं.

"जी सर," रावसाहेब म्हणाले. "जी. अभी?" त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमने त्यांच्याकडे पाहिलं. "सर, एक रिक्वेस्ट थी. बस, मैडम का खाना परोस दूँ?"

वेताची खुर्ची परत करकरली. कुणीतरी बसल्यासारखी.

रावसाहेब स्वयंपाकघराकडे वळले, आणि वळताना त्यांना जाळीमागे सून दिसली. त्यांचा चेहरा हलला नाही. फक्त त्यांनी जिन्याच्या पायरीकडे बोट केलं.

"क्रांती, बाहेरच बस जरा," ते मराठीत म्हणाले. "बोलावतो."

तिने दार हलवलं, कडी हलली नाही. मग ती पायरीवर बसली, खात्यातल्या बाकावर माणसं बसायची तशी.

आतून मॅडमच्या भांड्यात भात पडल्याचा आवाज आला. एक चमचा. मग बराच वेळ काही नाही. मग डब्याचं झाकण लावल्याचा आवाज, परत उघडल्याचा आवाज. मग आणखी एक चमचा. रावसाहेब सावकाश वाढत होते. एखादं काम किती वेळ चालवता येतं हे त्यांच्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.